आईच्या नावाने बंद केलेला समुद्र

माझ्या धाकट्या भावाने, मिलिंदने, मला फसवलं. आईचं दुखणंखुपणं, दवाखाने, कूस बदलून देणं, वेळी-अवेळी येणारी "सुजे, पाणी दे" ही हाक, सगळं मी केलं. आणि आई गेल्यावर त्याने तिकडे फिजीत बसल्या बसल्या तिला असं काही दिलं की माझं सगळं केलेलं त्याच्यापुढे फिकं पडलं. हे मी सुरुवातीलाच लिहून टाकते, कारण पुढे मी त्या देशाचं कौतुक करणार आहे आणि वाचणाऱ्याचा गैरसमज व्हायला नको. मी तिथे हवापालटाला गेले नव्हते. भांडायला गेले होते.

मी कोण, तेही सांगते. आम्ही संत तुकाराम नगरमध्ये वाढलो. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात होते, आई मराठवाड्यातल्या कोरड्या गावातून लग्न होऊन इथे आली. मी शिफ्टच्या कामगारांना डबे देण्यापासून सुरुवात केली. आज चाकणच्या तीन कंपन्यांची कँटीन माझ्याकडे आहेत. भाजीवाल्यापासून खरेदी-साहेबापर्यंत सगळ्यांशी मी घासाघीस करत आले. माझी रीत साधी आहे. हवं असेल त्याच्या तिप्पट मागायचं, समोरचा अर्ध्यावर आणेल, मग हो-ना करत आपल्याला हवं तिथे थांबायचं. मोशीच्या मार्केटमध्ये मला पाहून काही आडते चहा प्यायला निघून जातात, असं माझा ड्रायव्हर सांगतो.

मिलिंद आयटीआय करून बोटींच्या इंजिनांच्या कामाला फिजीला गेला. "दोन वर्षं, ताई, मग आलोच," म्हणाला. तिथल्याच मेरे नावाच्या मुलीशी लग्न करून तो एका लहानशा बेटावर तिच्या माहेरी राहिला. आई गेली तेव्हा आला नाही. वादळाने बोटी बंद होत्या, असं कारण सांगितलं. जलदान विधी मी एकटीने केला. नगरातल्या हॉलमध्ये भन्तेजी परित्राण म्हणत होते आणि मी तांब्यातलं पाणी वाटीत सोडत होते. आमच्यात गेलेल्या माणसासाठी असं पाणी सोडतात. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं म्हणून आणलेल्या जारचं पाणी. तेवढं मनात टोचत राहिलं.

काही महिन्यांनी त्याचा फोन आला.

"ताई, आईचं एक कार्य आहे इथे. तू आल्याशिवाय होत नाही."

"कसलं कार्य? कार्य मी केलं. तेव्हा कुठे होतास?"

"फोनवर सांगितलं तर तू येणार नाहीस."

"आणि नाही सांगितलं तर येईन असं वाटतं तुला?"

"तू भांडायला तरी येशील."

भाऊ मला ओळखतो. मी तिकीट काढलं.

नांदी

नांदी शहराच्या विमानतळाबाहेर मिलिंद उभा होता. पोट सुटलेलं, रंग उन्हाने रापलेला आणि कमरेला लुंगीसारखं फडकं. त्याला तिथे सुलू म्हणतात. पोलीस आणि पुढारीसुद्धा सुलू नेसूनच कामावर जातात. मी ठरवून आणलेलं पहिलं वाक्य बोलायच्या आत त्याने मला घट्ट मिठी मारली आणि रडायला लागला. ते वाक्य राहिलंच.

बेटावर जाण्याआधी बाजारात जायचं होतं. गावात पाहुणा म्हणून पाऊल ठेवायचं तर यंगोना नावाच्या झाडाच्या मुळ्यांची जुडी वडीलधाऱ्यांपुढे ठेवावी लागते. बाजार म्हटल्यावर मला हुरूप आला. फळ्यांवर अळकुड्यांचे, भेंड्यांचे, पपयांचे ढीग मांडले होते. एका ढिगाचा एक भाव. मुळ्या विकणारी बाई आपल्यातली दिसत होती. तिचे पणजोबा ऊस तोडायला तिकडे नेलेल्यांपैकी. हिंदी बोलत होती, पण वेगळीच, गोड.

मी भाव ऐकून नेहमीसारखी दोन पावलं मागे सरले. सगळीकडे ह्या क्षणाला दुकानदार हाक मारतो. तिने मारली नाही. मी परत आले.

"थोडं कमी करा ना."

"दाम नहीं गिरी, बहिनी," ती हसून म्हणाली, आणि जुडीत आणखी दोन मुळ्या घातल्या. "ई ऐसे ले लेव."

भाव कमी केला नाही, पण माल वाढवून दिला, तोही मी न मागता. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट हातातलं हत्यार कुणी हसत हसत काढून घेतल्यासारखं वाटलं.

"ताई, इथे घासाघीस करत नाहीत," बाहेर येताना मिलिंद म्हणाला. "गरज असेल तर सरळ मागतात. केरेकेरे म्हणतात त्याला. कुणी मागितलं की देतात. नाही म्हणणं बरं दिसत नाही."

"मग धंदा कसा करतात?"

"म्हणून तर गावात कुणाचं दुकान फार दिवस टिकत नाही," तो म्हणाला, आणि मला उगाच बरं वाटलं.

बेट

बोटीचा प्रवास सांगत नाही. मी सगळा वेळ बादली धरून बसले होते. डोकं वर केलं ते इंजिन मंदावलं तेव्हा.

पाण्याचा रंग मी कसा सांगू? लांब गडद निळा, मग एक पांढरी रेघ, जिथे प्रवाळाच्या कड्यावर लाटा फुटतात, आणि कड्याच्या आत हिरवट, फिकट, इतका स्वच्छ की बोटीची सावली खाली वाळूवर आमच्याबरोबर चालताना दिसत होती. माझ्या गळ्यातून आवाज निघाला. मिलिंद माझ्याकडे पाहत होता, म्हणून मी लगेच तोंड वाकडं केलं.

"बरं आहे," मी म्हणाले.

मला हेवा वाटला. लपवून काय करू? वाकडमधल्या बाविसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटचा मला कधी हेवा वाटला नाही, तसे दोन मी घेऊ शकते. पण हे पाणी कुणी कष्ट करून मिळवलेलं नव्हतं. उठून दार उघडलं की समोर. आणि ते माझ्या भावाच्या दारात होतं, जो आयुष्यात कधी वेळेवर उठला नाही.

किनाऱ्याला लागताच माझी पहिली चूक झाली. माझ्या डोक्यावर टोपी आणि डोळ्यांवर गॉगल होता. मिलिंदने दोन्ही ओढून काढले. गावात डोकं झाकून फिरणं म्हणजे मुखियाचा अपमान. दुसरी चूक लगेच. एक गोबरी पोर पुढे आली, मी आपल्या सवयीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. आजूबाजूच्या बायका दचकल्या. आपल्याकडे डोक्यावर हात म्हणजे आशीर्वाद. तिथे कुणाच्या डोक्याला हात लावत नाहीत. मिलिंदने काहीतरी समजावलं, तशा त्या बायका खदखदून हसल्या आणि एक म्हातारी माझा हात धरून स्वतःच्या गालावर ठेवून गेली. ती मेरेची आई. सगळे तिला बुबू म्हणतात, म्हणजे आजी.

"आणि तू इथे कोण?" मी मिलिंदला विचारलं. "घरजावई?"

"हो," तो म्हणाला. एवढं सरळ उत्तर आल्यावर पुढे काय टोमणा मारणार?

मग घरातून त्याची मुलगी आली. रमा. कॉलेजात शिकते, सुट्टीला आली होती. उंच, काळीसावळी, मोठाले कुरळे केस, मेरेच्या वळणाची. मी तिला फोनच्या पडद्यावर पुसटशी पाहिली होती. ती पुढ्यात बसली, माझे सँडल काढले आणि म्हणाली,

"आत्या, दमलीस व्हय? बस की गं हितं. च्या टाकते."

मी बसलेच. ती माझी आई बोलत होती. मराठवाड्यातलं, लांबवलेलं, शेवटी हेल काढणारं बोलणं. धंद्यासाठी ते मी केव्हाच घासून घासून काढून टाकलं होतं. आई रोज दुपारी फोन घेऊन ह्या नातीशी गप्पा मारत बसायची, मी कँटीनला असायचे. मला वाटायचं, म्हातारी वेळ घालवतेय. ती तिकडे आपला आवाज ठेवून देत होती.

मला काय वाटलं ते एका शब्दात सांगायचं तर: चोरी. माझ्या घरातून चोरी झाली होती आणि मला पत्ता नव्हता.

जेवायला नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं होती. ते रोरो म्हणतात. आपलं फदफदं, पण चिंच-गूळ नाही, दाणे नाहीत, नुसता नारळ आणि मीठ. मी मनात म्हटलं, फोडणी नाही, काय चव असणार? आणि तीनदा घेतलं. लिंबात मुरवलेली कच्ची मासळी मात्र मी आधी नको म्हटली, मग एक तुकडा घेतला, मग मेरेने वाडगंच माझ्याकडे सरकवलं. मासे लांबच्या बाजूचे होते, मेरे म्हणाली. "समोरचं बंद आहे."

"बंद म्हणजे?"

मेरेने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने ताटाकडे पाहिलं. रमा उठली. "चल आत्या, दाखवते."

बंद पाणी

घरासमोर, किनाऱ्यापासून कड्याच्या दिशेने, पाण्यात काठ्या रोवलेल्या होत्या. टोकांना नारळीच्या झावळ्या आणि एका काठीला निळ्या कापडाची पट्टी. ते कापड मी ओळखलं. आईचं लुगडं. मिलिंद पहिल्यांदा निघाला तेव्हा आईने त्याला पांघरायला दिलेलं.

रमाने सांगितलं. गावात मोठं माणूस गेलं की तिथले लोक समुद्राचा एक तुकडा त्याच्या नावाने बंद करतात. तीन-चार महिने तिथे कुणी जाळं टाकायचं नाही, गळ टाकायचा नाही, शिंपलासुद्धा उचलायचा नाही. पाणी त्या माणसासाठी थांबतं. मग एक दिवस ते उघडतात, त्या तुकड्यातली वाढलेली मासळी धरतात आणि सगळं गाव, शेजारची गावं, एकत्र जेवतात.

"पण आई ह्या गावची नव्हती," मी म्हणाले. "तिने समुद्र पाहिलासुद्धा नाही."

"म्या मागितलं," रमा म्हणाली.

त्यांच्यात लेकीच्या मुलांना वासू म्हणतात. आपलं आजोळ असतं तसं, पण आपल्यापेक्षा कितीतरी पक्कं. वासूने आजोळात येऊन काही मागितलं तर मामाने नाही म्हणायचं नाही. वासूने अंगणातली बोट नेली तरी मामा हात हलवून निरोप देतो. बापाची जमीन नाही, बापाचं गाव नाही, अशा ह्या पोरीकडे तेवढा एक हक्क होता. तो तिने फारसा कधी वापरला नव्हता. आजी गेल्याचं कळलं त्या दिवशी वादळ होतं. ती भिजत मामाच्या, सेमीच्या, घरी गेली आणि म्हणाली, माझ्या आजीला पाणी आवडायचं, तिला थोडं पाणी द्या.

आईला पाणी आवडायचं, हे खरं. ती जिथून आली तिथे हंडाभर पाण्यासाठी उन्हात बसून राहावं लागे. लग्न होऊन पिंपरीला आली आणि तिला पवना नदी दिसली. रविवारी ती आम्हाला घेऊन घाटावर जायची. गोधड्या धुवायच्या हे निमित्त. आमच्या पाठीला रिकामे डबे बांधून आम्हाला पाण्यात सोडायची आणि स्वतः पायरीवर पाय सोडून बसायची. बारीक मासे तिच्या टाचांना लुचायचे, आणि ती, जी घरी कधी मोठ्याने बोलली नाही, ती खिदळायची.

"आजी सांगायची," रमा म्हणाली. "मासं पायाला गुदगुल्या करायचं म्हनून."

मला आईने हे कधी सांगितलं नाही. मला सांगायची गरज नव्हती, मी तिथे होते. पण तरीही.

मी त्या काठ्यांकडे पाहत राहिले. मी आईला काय दिलं होतं? जारमधलं वाटीभर पाणी. आणि हे पाहा. आईचं लुगडं समुद्रात उभं होतं आणि त्याच्यामागे तिचं स्वतःचं पाणी, दिवसभर रंग बदलणारं. तिच्या नावाने अख्खं गाव इतके महिने लांब जाऊन मासे धरत होतं.

मागणं

उघडण्याच्या आदल्या दुपारी सेमीच्या घरी बैठक झाली. चटया, मधे लाकडी परात, त्यात यंगोनाची मुळं कुटून कालवलेलं पाणी. दिसायला आमच्या नळाला पावसाळ्यात येतं तसं, आणि चवीलाही फार वेगळं नाही. नारळाच्या करवंटीतून एका दमात प्यायचं, आधी एक टाळी, मग तीन. जीभ लवंग चावल्यासारखी बधिर झाली. माझी जीभ बधिर झालेली पाहून मिलिंदला बरं वाटलं असावं.

सेमी धिप्पाड, हळू बोलणारा माणूस. तो बराच वेळ बोलला, मिलिंदने थोडक्यात सांगितलं. "तो म्हणतो, हे पाणी आम्ही तुमच्या आईसाठी राखलं. उद्या उघडू. तू तिची थोरली. तुला काही सांगायचं असेल तर आधी सांग."

म्हणजे उद्या हे संपणार. उद्या काठ्या निघणार, आणि आईचं म्हणून जगात जे एक काही होतं ते ताटात येणार. आणि हे सगळं मिलिंदच्या नावावर होणार, मी नुसती पाहुणी. मला वाटलं, आणखी महिनाभर तरी राहू दे. एवढंच मला हवं होतं. महिनाभर.

आणि मी माझ्या रीतीने मागितलं.

"त्याला सांग, एवढ्यात उघडू नका. वर्षभर बंद ठेवा. आणि एवढासा तुकडा नको. कड्यापर्यंत सगळं."

"ताई, विचार करून बोल."

"तू फक्त सांग."

"अगं पण..."

"मिल्या, तुला भाषांतराला बसवलंय की वकिलीला?"

त्याने सांगितलं. मी तयारीत बसले. आता सेमी म्हणेल पंधरा दिवस, मी म्हणेन सहा महिने, मग महिन्या-दीड महिन्यावर सौदा जमेल. सेमीने करवंटी खाली ठेवली. शेजारच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, म्हाताऱ्याने मान हलवली. मग सेमीने खोलगट हातांनी तीन टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांनीही वाजवल्या.

"काय म्हणतोय?"

"हो म्हणतोय."

"हो म्हणजे किती?"

"हो म्हणजे हो!" मिलिंदचा आवाज चिरकला. "वर्षभर. कड्यापर्यंत. अगं, इथे मागितलं की देतात, सांगितलं होतं ना तुला! ही काय मोशीची मंडई आहे?"

मी आयुष्यात पहिल्यांदा मागितलेलं सगळं जसंच्या तसं मिळवलं होतं, आणि पुढे हो-ना करायला समोर कुणी नव्हतं.

बुबूचं जाळं

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात कुणी माझ्याशी वाईट वागलं नाही. तेच वाईट होतं. मेरेने चहा दिला. पोरं नेहमीसारखी मागे लागली. जेवण शिजवायला जमिनीत खड्डा करून दगड तापवायची तयारी होती, ती कुणीतरी मुकाट्याने बुजवत होतं. शेजारच्या गावाला येऊ नका म्हणून निरोप गेला होता.

बुबू अंगणात चटईवर बसून जाळं गुंडाळत होती. ते तिने ह्या दिवसासाठी महिनाभर विणून नीट केलं होतं. गडी माणसं कड्याबाहेर बोटीने जातात. म्हाताऱ्या बायका मात्र गुडघाभर पाण्यात, घरासमोरच मासे धरतात, आणि घरासमोरचं पाणी आता कड्यापर्यंत माझ्या शब्दाने बंद झालं होतं.

"बुबू रागावलीय?" मी रमाला विचारलं.

"न्हाई. रागवायचं कशापायी? तू मागितलंस, त्यांनी दिलं."

"मग आता ती काय करणार?"

"फुडल्या वर्षी धरील."

"आणि तोवर खायला?"

"डब्यातले मासं. दुकानातले."

बुबूने मला पाहिलं आणि हसून बाजूची चटई थोपटली. मी बसले. तिने जाळ्याचं एक टोक माझ्या हातात दिलं, धर म्हणून. मी ज्या जाळ्याला निरुपयोगी केलं तेच गुंडाळायला मी मदत करत होते.

मी माणसं जेवू घालून मोठी झाले. आमच्या घरात वडिलांच्या संपाच्या दिवसांतसुद्धा दारात आलेल्याला आईने रिकामं पाठवलं नाही. आणि मी तिच्या नावाने एका गावाला समुद्रकाठी बसून डब्यातले मासे खायला लावत होते. जाळं अर्धं गुंडाळून झालं तेव्हा मी उठले आणि सेमीच्या घरी गेले. मिलिंद धावत मागे आला. "आता काय आणखी? चंद्र मागणार आहेस?"

सेमी बोट रंगवत होता. मी यंगोनाच्या उरलेल्या मुळ्या त्याच्यापुढे ठेवल्या, खाली बसले आणि मिलिंदला म्हणाले, "नीट सांग. मी मागते. केरेकेरे. पाणी आजच उघडा. आईला लोक जेवताना बघायला आवडायचं."

सेमीने ऐकलं. ब्रश खाली ठेवला. मग त्याचे खांदे हलायला लागले आणि तो इतका हसला की बोटीला धरून उभा राहिला. काहीतरी ओरडला, तसं आसपासच्या घरांतूनही हसू फुटलं.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, तुमच्या देशात वर्ष फार लवकर संपतं."

दुपारपर्यंत खड्डा पुन्हा उकरला होता. शेजारच्या गावाच्या बोटी गाणी म्हणत आल्या. काठ्या काढायच्या आधी घरच्या माणसांनी पाण्यात उतरायचं, असं सेमीने सांगितलं. मी, मिलिंद आणि रमा उतरलो. पाणी कोमट होतं. मांडीपर्यंत गेलो तरी पायाची बोटं दिसत होती. मग ते आले. निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे, बोटाएवढे आणि हाताएवढे, न घाबरता, कारण इतके महिने त्यांना कुणी त्रास दिला नव्हता. एक बारका माझ्या घोट्याला लुचला.

मी खिदळले. मोठ्याने. मिलिंदने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. तो म्हणाला, "डबा बांधू का पाठीला?" आणि त्या क्षणी माझं त्याच्याशी असलेलं भांडण मिटलं. त्याला मी तसं सांगितलं नाही, अजूनही सांगितलेलं नाही.

त्या पाण्यावर, त्या लोकांवर माझा जीव जडला. आणि जीव जडला तसा हेवा कमी झाला नाही, वाढलाच. हे सगळं त्यांच्याकडे का, आणि आमच्याकडे होतं ते कुठे गेलं?

रमा माझा हात धरून उभी होती. हळूच म्हणाली, "आत्या, एक इचारू? तू आजीला नदीवर का न्हाई नेलंस?"

"नेलं होतं की."

"आजी म्हनली, न्हाई नेलंस. दुसरीकडं नेलंस. आत्यानं फसवलं म्हनली."

मिलिंदने मान वळवली. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं.

"नेलं होतं गं," मी पुन्हा म्हणाले.

"मग आजी खोटं बोलली?"

मागून बायका जाळी घेऊन ओरडत पाण्यात शिरल्या, बुबू सगळ्यात पुढे, आणि आम्हाला बाजूला व्हावं लागलं.

घाट

परत आल्यावर चाकणला न जाता मी गाडी आधी घाटाकडे घ्यायला लावली. ड्रायव्हरने न सांगता काचा वर केल्या.

आईने शेवटच्या वर्षात माझ्याकडे एकच मागितलं होतं: नदीवर ने. मी कामं ढकलून नेलं. चाकांच्या खुर्चीत बसवून त्याच पायऱ्यांच्या डोक्यावर नेऊन उभी केली, जिथे ती पाय सोडून बसायची. जलपर्णी अर्ध्या पात्रावर पसरलेली. मधल्या काळ्या पाण्यावर पांढऱ्या फेसाचे गोळे वाऱ्याने सरकत होते. वास असा की आईने पदर नाकाला लावला. तिने बराच वेळ पाहिलं.

"ही न्हाई," ती म्हणाली.

"आई, हीच. ह्याच पायऱ्या बघ."

"मला येडी समजतीस व्हय गं? कुठल्या तरी नाल्यावर आनलंस. नदीवर नेते म्हनून फसवलंस मला."

मी चिडले. पायऱ्या दाखवल्या, वरचा पूल दाखवला. तिने मान फिरवली ती फिरवलीच. पुढे येईल त्याला सांगायची, लेकीनं मला फसवलं. नर्सला, शेजारणीला, फोनवर फिजीतल्या नातीला. तसंच समजून ती गेली.

आई खोटं बोलली नव्हती. तिला जी नदी ठाऊक होती ती तिथे नव्हती. मीही खोटं बोलले नव्हते. मी तिला पवनेवरच नेलं होतं. दोघी खऱ्या होतो, तरी फसवणूक झाली. म्हणजे कुणीतरी तिसऱ्याने केली. एखाद्या पाइपाचं तोंड रातोरात नदीकडे वळवणाऱ्याने केली, ते बघून सही करणाऱ्याने केली, की सही करणाऱ्याला दर वेळी मत देणाऱ्यांनी केली, मला माहीत नाही. मी ह्या पट्ट्यात धंदा करते, मला सगळे ओळखतात आणि मी सगळ्यांना विचारलं आहे. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

तेव्हा आता इथे विचारते. नेहमीसारखं तिप्पट मागत नाही. जे हवं तेच मागते, फिजीत शिकले तसं, आणि मागितल्यावर द्यायचं असतं हे ऐकणाऱ्यानेही शिकावं. ज्या कुणी माझ्या आईची नदी बदलून तिच्या जागी हे ठेवलं, त्याने पुढे यावं. माझ्याकडे भाचीचा नंबर आहे, मी लावून देते. त्याने फोनवर तिला स्वतःच्या तोंडाने सांगावं की तुझ्या आत्याने आजीला फसवलं नाही, मी फसवलं.